रेणू तोच, स्फटिक दुसरा: रिटोनाविर कॅप्सूलचं १९९८ चं प्रकरण

१९९८ च्या मध्यावर अमेरिकेतल्या अ‍ॅबट कंपनीत रिटोनाविर या औषधाच्या कॅप्सूलचे काही लॉट डिसोल्यूशन टेस्टमध्ये फेल झाले. प्रकरणाची सुरुवात एवढीच. कुठे स्फोट नाही, गळती नाही, कच्चा माल बदललेला नाही, प्रोसेस तीच होती, आणि त्याआधी जवळजवळ दोन वर्षांत सुमारे २४० लॉट काहीही तक्रार न येता बाहेर पडले होते.

ही टेस्ट ज्यांनी पाहिली नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. गोल तळाचं काचेचं भांडं असतं, त्यात ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेलं द्रावण, मधोमध एक पॅडल ठरलेल्या वेगाने फिरत असतं, त्यात कॅप्सूल सोडायची आणि ठरावीक मिनिटांनी थोडं थोडं द्रावण काढून मोजायचं की औषध किती विरघळलं. चांगल्या लॉटची कॅप्सूल ठरल्या वेळात हवं तेवढं औषध सोडते. या लॉटमधलं औषध सुटतच नव्हतं. मग कॅप्सूलमधला माल मायक्रोस्कोपखाली धरला तर त्यात सुयांसारखे बारीक स्फटिक दिसले. मुळात त्या कॅप्सूलमध्ये स्फटिक असायलाच नको होते, औषध आत विरघळलेल्या अवस्थेतच भरलेलं असायचं. आणि त्या सुयांवर एक्स-रे पावडर डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्स-किरणांनी स्फटिकातली रेणूंची मांडणी ओळखायची टेस्ट, केलं तेव्हा जो पॅटर्न आला तो कंपनीच्या ओळखीच्या रिटोनाविरचा नव्हताच.

आता इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. तो पदार्थ रिटोनाविरच होता. अणू तेच, जोडणी तीच, रेणूभार तोच, मोलला ७२१ ग्रॅम. क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजायच्या टेस्टला, लावला तर पीक तिथेच, शुद्धता उत्तम. कारण क्रोमॅटोग्राफीत सॅम्पल आधी विरघळवावा लागतो आणि विरघळला की रेणू सुटे होतात, ते घन अवस्थेत एकमेकांना कसे धरून बसले होते ती माहिती मोजमाप सुरू व्हायच्या आधीच पुसली जाते. म्हणजे रोजच्या तपासणीतल्या ज्या टेस्टवर सगळ्यांचा भरवसा असतो तिला हा बदल दिसणं शक्यच नव्हतं. वितळबिंदूनेही फारशी मदत केली नसती, दोन्ही रूपांचा जवळजवळ सारखाच, १२० अंशांच्या थोडा वर.

औषधाबद्दल थोडं. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं प्रोटीएज इनहिबिटर, म्हणजे विषाणूचं प्रोटीएज नावाचं एन्झाइम रोखणारं औषध, १ मार्च १९९६ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, बाजारातलं नाव नॉर्विर. तीन औषधं एकत्र देऊन विषाणू दाबून ठेवायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती आणि लोकांचे प्राण खरोखर वाचायला लागले होते. या उपचारात डोस चुकणं परवडत नाही, मध्ये खंड पडला की विषाणूला औषधाला न जुमानणारी रूपं तयार करायला वाव मिळतो. म्हणून कॅप्सूलचा पुरवठा अडणं ही फक्त कारखान्याची अडचण नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे रिटोनाविर घन स्वरूपात गिळलं तर शरीरात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून ते अल्कोहोल आणि पाणी असलेल्या माध्यमात विरघळवून अर्धघन स्वरूपात कॅप्सूलमध्ये भरायचे. आणि इथेच सगळ्यांचा समज पक्का झाला की बाबा औषध तर विरघळलेलंच आहे, मग त्याच्या स्फटिकाचं रूप कोणतं याची चिंता कशाला. तेव्हाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा उत्पादनासाठी स्फटिकरूपावर नियंत्रण ठेवायची अट नव्हती. मला हा समज मूर्खपणाचा वाटत नाही, त्या वेळी कुणीही असाच विचार केला असता. फक्त त्यात एक गोष्ट सुटली होती, द्रावणात किती औषध मावतं हे द्रावणाबाहेर कोणतं स्फटिक तयार होऊ शकतं त्यावर ठरतं.

हे कळायला मॉलिक्युलर सॉलिड म्हणजे काय इथून सुरुवात करू. मिठात आयन असतात, हिऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अणू कोव्हॅलंट बंधांनी विणलेले असतात, तिथे "एक रेणू" असा वेगळा दाखवताच येत नाही. मॉलिक्युलर सॉलिडमध्ये मात्र प्रत्येक रेणू आपापला पूर्ण असतो, आत बळकट बंध, आणि बाहेर शेजारच्या रेणूंशी तुलनेने हलकी धरपकड. बर्फ, ड्राय आइस, आयोडीन, नॅप्थलीन, साखर, आणि गोळ्यांमध्ये असणारी बहुतेक औषधं सगळी याच जातीतली.

ही धरपकड तीन-चार प्रकारची. एक म्हणजे लंडन डिस्पर्शन बल, इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभर एकीकडे झुकतो, शेजारच्या रेणूचा ढग त्याला प्रतिसाद देतो आणि दोघं ओढले जातात. हे बल प्रत्येक रेणूत असतं. दुसरं, कायमच्या ध्रुवांमधलं डायपोल आकर्षण. तिसरं म्हणजे हायड्रोजन बंध, नायट्रोजन किंवा ऑक्सिजनला लागलेला हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या मोकळ्या इलेक्ट्रॉन जोडीकडे झुकतो तो. आकड्यांत बोलायचं तर कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, पाण्यातला एक हायड्रोजन बंध साधारण २० चा, आणि साध्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा म्हणजे आरटी (वायू स्थिरांक ८.३१४ गुणिले केल्व्हिनमधलं तापमान) ही अडीचच्या आसपास.

पण या बलांना सरसकट "दुबळी" म्हणून सोडून देतात ना, ते मला कधीच पटलेलं नाही. नॅप्थलीनमध्ये हायड्रोजन बंध एकही नाही, रेणूला कायमचा डायपोलही नाही, तरी ते ८० अंशांना वितळतं आणि एक मोल घन नॅप्थलीनची वाफ करायला सत्तरच्या वर किलोज्यूल खर्च होतात. बर्फाला, ज्यात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधाने जोडलेला, साधारण ५१ लागतात. म्हणजे एकेक ओढ हलकी असली तरी दहा कार्बनांच्या सपाट रेणूला चहूबाजूंनी मिळणारी बेरीज मोठी होते. रिटोनाविरसारख्या मोठ्या रेणूत तर हे सगळे प्रकार एकदम हजर असतात आणि त्यांची आपसात रस्सीखेच चालते, सगळ्यांचं समाधान एकाच वेळी होत नाही. एक हायड्रोजन बंध छान जुळवायला जावं तर रिंग एकमेकींवर नीट बसत नाहीत, रिंग बसवाव्या तर कुठेतरी पोकळी राहते. म्हणून एकाच रेणूला रचून बसायचे दोन, तीन, कधी त्याहून जास्त मार्ग सापडतात आणि प्रत्येक मार्ग म्हणजे वेगळं स्फटिक. याला बहुरूपता म्हणतात, लॅबमध्ये बोलताना सगळे पॉलिमॉर्फच म्हणतात.

हे काही नवीन नव्हतं. १८३२ मध्येच व्होलर आणि लीबिग या रसायनशास्त्रज्ञांनी बेंझअमाइडच्या गरम द्रावणातून रेशमासारख्या सुया पडताना पाहिल्या होत्या आणि त्याच सुया तशाच ठेवल्यावर काही काळाने दुसऱ्या घडणीचे ठसठशीत स्फटिक होताना पाहिल्या होत्या. रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने १८९७ मध्ये मांडलेला नियमही हेच सांगतो, की आधी येतं ते बहुधा सगळ्यात टिकाऊ रूप नसतं, जे पटकन जमतं ते आधी येतं आणि टिकाऊ रूप मागून येतं. प्रश्न असतो मागून म्हणजे किती मागून. बेंझअमाइडच्या बाबतीत फार वाट बघावी लागली नाही, रिटोनाविरने वर्षं घेतली.

आता रेणूजवळ जाऊ. रिटोनाविर हा लांबलचक, वळणारा रेणू आहे. दोन्ही टोकांना थायाझोल रिंग, मध्ये दोन फिनाइल रिंग बाजूला लोंबणाऱ्या, आणि कण्यावर ओळीने युरिया, अमाइड, एक हायड्रॉक्सिल, आणि कार्बामेट असे अणूंचे गट. हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देऊ शकतील अशा चार जागा, घेणाऱ्या त्याहून जास्त. जुनं ओळखीचं रूप, त्याला नंतर फॉर्म वन म्हणायला लागले, त्यात कार्बामेट गट ट्रान्स मांडणीत असतो, म्हणजे साखळी सरळ पुढे जाते. असे रेणू एकमेकांना अमाइडच्या हायड्रोजन बंधांनी धरून थप्पी लावतात. जमतं चांगलं, पण सगळ्या जागा मनासारख्या भरत नाहीत.

नव्या रूपात, फॉर्म टू मध्ये, तोच कार्बामेट वळून सिस झालेला असतो. सुट्या रेणूसाठी ही बसण्याची अवघड पद्धत, त्यात रेणूची थोडी ऊर्जा वाया जाते. पण असे वळलेले रेणू एकत्र रचले की हायड्रोजन बंधांसाठी तयार असलेल्या सगळ्या महत्त्वाच्या जागांना जोडीदार मिळतो, एकही हात रिकामा राहत नाही. म्हणजे प्रत्येक रेणू स्वतः थोडी गैरसोय सोसतो आणि रचनेत त्याची भरपाई होऊन वर शिल्लक उरते. या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडणारं चित्र हेच आहे आणि शक्य असेल तर दोन्ही रूपांची त्रिमितीय चित्रं शेजारी शेजारी ठेवून जरूर बघा, त्या एका वळणावर नजर ठेवून.

शिल्लक किती? याचा ढोबळ हिशोब आपल्यालाही करता येतो. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात थंड तापमानाला फॉर्म टू ची विद्राव्यता फॉर्म वनच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच निघाली. पाच पट धरू. दोन रूपांमधला मुक्त ऊर्जेचा फरक म्हणजे आरटी गुणिले पाचचा नैसर्गिक लॉगॅरिदम. ५ अंश सेल्सिअस म्हणजे २७८ केल्व्हिन, त्याला ८.३१४ ने गुणलं की २.३ किलोज्यूल, आणि पाचचा लॉग १.६१. गुणाकार साधारण ३.७ किलोज्यूल प्रति मोल. बस. एका हायड्रोजन बंधाचा पाचवा हिस्सा, एका कार्बन-कार्बन बंधाचा जेमतेम एक टक्का. एवढ्याशा फरकावर एका औषधाची कॅप्सूल बाजारातून गेली, कारण विद्राव्यता ऊर्जेच्या फरकाबरोबर सरळ रेषेत बदलत नाही, घातांकाने बदलते. आणि कॅप्सूलमधलं माध्यम फॉर्म वनच्या हिशोबाने छान पोटात घेईल एवढंच औषध भरून बनवलेलं होतं, पण फॉर्म टू च्या हिशोबाने तेच द्रावण कित्येक पट जास्त भरलेलं, म्हणजे अतिसंपृक्त होतं. फॉर्म टू चा एक कण आत पडायचा अवकाश, जादाचं सगळं औषध त्याच्यावर येऊन बसणारच.

मग २४० लॉट कसे काय निभावले? याचं उत्तर ऊर्जेत नाही, सुरुवात होण्याच्या अडचणीत आहे. स्फटिक वाढायला आधी छोटं केंद्रक लागतं, काही रेणू योग्य मांडणीत एकत्र यावे लागतात, आणि केंद्रक पुरेसं मोठं होईपर्यंत ते विरघळण्याकडेच झुकतं. फॉर्म टू साठी या रेणूंनी आधीच सिस व्हायला हवं. द्रावणात कार्बामेट वळतो तसा पटापट, पण राहतो बहुतेक वेळ ट्रान्समध्ये, सिस रेणू कोणत्याही क्षणी फार थोडे. समजा शंभरात एक सिस आहे, हा आकडा मी फक्त हिशोबासाठी घेतोय, तर शेजारी शेजारी दोन सिस भेटण्याची शक्यता दहा हजारात एक आणि असे दहा जमण्याची शक्यता म्हणजे एकावर वीस शून्यं, तितक्यांत एक. त्यात ते नुसते जवळ येऊन भागत नाही, नीट जुळून बसायला हवेत. म्हणून फॉर्म टू टिकाऊ असूनही वर्षानुवर्षं जन्मालाच आला नाही.

तो शेवटी आला कसा, याचा माग कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी काढला आणि २००० आणि २००१ मध्ये सविस्तर छापून जगासमोर ठेवला, त्यांनी हे दडवून ठेवलं नाही याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना जी शक्यता सगळ्यात पटली ती अशी, रिटोनाविरचंच एक विघटन होऊन बनणारं संयुग असतं, त्यात कार्बामेट गट रिंगमध्ये अडकलेला असतो. रिंगमध्ये अडकल्यामुळे त्याला ट्रान्स होताच येत नाही, त्याची मांडणी कायमची फॉर्म टू मधल्या कार्बामेटसारखी. या अशुद्धीचे घन कण साच्यासारखे वागले, त्यांच्या पृष्ठभागावर रिटोनाविरचे सिस रेणू येऊन बसले, आणि जी गोष्ट मोकळ्या द्रावणात जवळजवळ अशक्य होती ती आयत्या साच्यावर घडली. त्यांनी प्रयोगशाळेत ते संयुग मुद्दाम वापरून फॉर्म टू पाडून दाखवला.

एकदा जन्मल्यावर मात्र तो आवरेना. काही आठवड्यांत फॉर्म टू कारखान्यात सगळीकडे सापडायला लागला, तयार कॅप्सूलमध्ये आणि मूळ औषधाच्या मालातही. कारण आता साच्याची गरजच उरली नव्हती, फॉर्म टू चा प्रत्येक कण स्वतःच बीज होता. बीज किती छोटं असतं याचा अंदाज घेऊ. धरा की बीजात दहा लाख रेणू आहेत. त्याचं वजन निघतं साधारण १.२ फेम्टोग्रॅम, आणि त्याचा ठोकळा केला तर बाजू एका मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, केसाच्या जाडीच्या कित्येक शेकडो पटींनी बारीक. एक मायक्रोग्रॅम धूळ, म्हणजे डोळ्याला नीट दिसणारसुद्धा नाही अशी, तिच्यात अशी ८० कोटींच्या वर बीजं मावतात. हे कपड्यांवर बसतं, बुटांना लागतं, हवेच्या झोताबरोबर फिरतं, आणि एक कण पुरेसा असतो.

इटलीतला कारखाना याचंच उदाहरण. मूळ औषध तिथे बनायचं आणि तिथे अजून फॉर्म वनच निघत होता. अडचणीवर काम करणारी मंडळी, ज्यांचा फॉर्म टू शी आधीच संबंध आला होता, त्या कारखान्याला भेट देऊन गेली, आणि त्यानंतर तिथल्या मालातही फॉर्म टू मोठ्या प्रमाणात दिसायला लागला. ज्यांनी मदत करायला जायचं त्यांच्याच अंगाखांद्यावरून बीज गेलं असावं. हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण यात हलगर्जी कुणाचीच नव्हती, इतक्या बारीक गोष्टीपासून कारखाना कसा राखायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

कॅप्सूलचं उत्पादन थांबवावं लागलं. रुग्णांना द्रवरूप औषधावर नेलं. एका मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम औषध, त्यात ४३ टक्के अल्कोहोल, ६०० मिलिग्रॅमचा पूर्ण डोस म्हणजे साडेसात मिलिलिटर, दिवसातून दोनदा, आणि चव इतकी वाईट की बऱ्याच जणांना ते घेणं जड गेलं. आधीच अनेक गोळ्या, त्यांचे त्रास, आणि वर हे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हायड्रोजन बंध म्हणजे तुटक रेषांनी काढलेली एक रेघ असते, इथे त्या रेघा कुठून कुठे जातात त्याच्यावर माणसांची रोजची दोन वेळची परीक्षा ठरत होती.

तोडगा दोन बाजूंनी निघाला. एकीकडे नवीन सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूल, वेगळं माध्यम, ज्यात फॉर्म टू च्या हिशोबानेही औषध विरघळलेलं राहील, ती १९९९ मध्ये आली पण फ्रिजमध्ये ठेवावी लागायची. दुसरीकडे स्फटिकीकरणाची प्रक्रियाच नव्याने बांधली. फॉर्म वन परत मिळवायचा असेल तर नुसती स्वच्छता करून भागत नव्हतं, फॉर्म वनचीच भरपूर बीजं आधी घालून ठेवायची आणि द्रावण त्यांच्यावर सोडायचं, म्हणजे औषधाला बसायला फॉर्म वनचे पृष्ठभाग इतके मुबलक मिळतात की फॉर्म टू ला पाय रोवायला संधीच राहत नाही. बीजाने केलेल्या घोटाळ्यावर बीजानेच उपाय, आणि तो नीट चालला.

इथे एक समज खोडायला हवा. फॉर्म टू आल्यावर फॉर्म वन "जगातून नाहीसा झाला" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. डुनिट्झ आणि बर्नस्टाइन या स्फटिकांच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये अशा नाहीशा होणाऱ्या पॉलिमॉर्फची बरीच उदाहरणं एकत्र मांडली होती, रिटोनाविरच्या आधी तीन वर्षं, आणि त्यांचं म्हणणं होतं की एकदा बनलेलं रूप परत बनवता येतंच, फक्त नेमकी परिस्थिती सापडावी लागते. रिटोनाविरने त्याची खात्री पटवली. नाहीसं होतं ते रूप नव्हे, ते बनवायची जुनी सोपी वाट.

खरा सुटकेचा मार्ग वेगळ्याच दिशेने आला आणि मला तो फार सुंदर वाटतो. २०१० मध्ये अमेरिकेत जी रिटोनाविरची गोळी मंजूर झाली तिच्यात औषध कोणत्याच स्फटिकात नसतं. औषध आणि कोपोव्हिडोन नावाचा पॉलिमर एकत्र गरम करून, वितळवून, दाबाने बाहेर काढतात आणि थंड करतात, मेल्ट एक्स्ट्रुजन म्हणतात त्याला. त्यात रिटोनाविरचे रेणू पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये विखुरलेले, काचेसारखे गोठलेले राहतात. पॉलिमरवरचे ऑक्सिजन रिटोनाविरच्या हायड्रोजनांना धरून ठेवतात आणि साखळ्यांच्या गर्दीत रेणूंना सरकायला जागाच उरत नाही, त्यामुळे एकमेकांना शोधून रचना करणं जमत नाही. पोटात गेल्यावर मोडायला स्फटिकाची जाळी नसतेच, म्हणून औषध सुटतं. फ्रिजचीही गरज राहिली नाही. ज्या बलांनी कॅप्सूल बिघडवली तीच बलं इथे पॉलिमरकडे वळवून कामाला लावली आहेत.

नियमही बदलले. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये आयसीएचचं, म्हणजे औषधांचे नियम देशादेशांत सारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं, क्यू-६ए हे मार्गदर्शक पक्कं झालं आणि त्यात पॉलिमॉर्फ कधी शोधायचे, कधी त्यांच्यावर मर्यादा घालायची याचे टप्पे दिलेले आहेत. आता नवीन औषध हातात आलं की वेगवेगळे सॉल्व्हंट, तापमानं, थंड करायचे वेग, दळणं, वितळवणं असं सगळं करून रूपं शोधणं हे नेहमीचं काम झालंय, जोडीला कॉम्प्युटरवर शक्य रचनांची गणितं करून बघतात की आपल्याला न सापडलेलं एखादं जास्त टिकाऊ रूप बाकी आहे का. पण वरचा ३.७ किलोज्यूलचा हिशोब आठवा, एवढ्या छोट्या फरकांची क्रमवारी बरोबर लावणं गणितालाही जड जातं, मोठ्या आणि वळणाऱ्या रेणूंमध्ये तर जास्तच.

आणि हे औषध जुनं होऊन मागे पडलं असंही नाही. एचआयव्हीच्या उपचारात ते पुढे मुख्यतः थोड्या डोसमध्ये, यकृतातलं एक एन्झाइम रोखून सोबतच्या औषधाचा असर टिकवण्यासाठी वापरलं जायला लागलं, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोविडसाठी निर्मट्रेलविर या विषाणूविरोधी औषधाच्या जोडीला पुन्हा लाखो लोकांच्या हातात आलं. त्याच सुमाराला त्याच्यावरचं संशोधनही परत जोरात सुरू झालं. २०२२ मध्ये, फॉर्म टू सापडल्यावर २४ वर्षांनी, वितळवून गोठवलेल्या रिटोनाविरमधून आणखी एक नवं रूप, फॉर्म थ्री निघालं, आणि तेही दोन वेगळ्या गटांना साधारण एकाच वेळी. मग २०२४ मध्ये बॉल मिलमध्ये, म्हणजे आत टणक गोळे घालून दळणाऱ्या यंत्रात, केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मिलमध्ये दळताना परिस्थिती नीट निवडली तर फॉर्म वन हवा तर फॉर्म वन, फॉर्म टू हवा तर फॉर्म टू, हुकमी मिळतो असं त्या प्रयोगांत दिसलं. कारण स्फटिक खूप बारीक झाले की पृष्ठभागावरच्या रेणूंचा वाटा वाढतो, तिथल्या रेणूंना एका बाजूने शेजारीच नसतात, आणि आत खोल असलेल्या रेणूंच्या हिशोबाने जे रूप टिकाऊ होतं त्याची आघाडी कमी होत होत उलटून जाते, सुयांसारख्या आकाराचा आणि कार्बामेटच्या त्याच वळणाचाही त्यात हात असतो. १९९८ मध्ये कारखान्यातून हातातून निसटलेला फॉर्म वन आता मिलच्या भांड्यात फॉर्म टू पासूनच परत बनवता येतो.